बिअर करायला निघालो आणि आल्याच्या बिअरवर येऊन थांबलो

पडवीतला (गुहागर)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. शिमग्याला पुण्याचा भाचा आला होता, पालखी नाचवून झाल्यावर रात्री अंगणात बसलो तर गडी सांगायला लागला की मामा आजकाल लोक घरी बिअर करतात, दोन बादल्या, एक पाईप आणि पंधरा दिवसांचा धीर एवढंच लागतं. तो गेला पुण्याला आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. माझ्याकडे 20 लिटरचं झाकणाचं पिंप आहे, मागीलदारी चूल आहे, विहिरीचं पाणी आहे आणि सातू आमच्या वाण्याकडे मिळतं. यीस्ट बेकरीतून आणीन. तर प्रश्न असा की आपल्याकडे आत्ता दुपारी पडवीतसुद्धा 32 च्या खाली पारा येत नाही, एवढ्या उकाड्यात हे जमतं का? आणि त्या सातूचं नेमकं करायचं काय, भाचा म्हणतो भिजवून उकळायचं, मला ते काही पटत नाहीये. कोणी केलंय का?

घाटपायथा (चिपळूण)
भिजवून उकळलंस तर सातूची पेज होईल, सोबत मेतकूट घे. (धागा वाचतोय, बाजूला सरकून बसलोय.)

माडाखाली (मालवण)
अरे ह्या सगळा करूक कित्याक जातस? आमच्या हय सकाळी माडी उतरवली की ती आपसूकच चढाक लागता, तिका ना बादली लागता ना पाईप. आजो सांगायचो, सकाळची गोड, दुपारची कडक आणि दुसऱ्या दिसाचो शिरको.

वकिली_डोकं (रत्नागिरी)
उत्साहावर पाणी टाकायला आलोय, माफ करा, पण कोणीतरी सांगायलाच हवं. महाराष्ट्रात दारूबंदीचा 1949 चा कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय दारू बनवणं हाच गुन्हा आहे, बिअरही त्यात आली. मी विकत नाही, घरच्यापुरती करतोय, ह्याने काही फरक पडत नाही. कागदोपत्री तर आपल्याकडे प्यायलाही परवाना लागतो. माडीवाल्यांनाही परवाना लागतो, ते नुसते चढले माडावर आणि उतरवली असं नसतं हो माडाखाली. तेव्हा पडवीतले भाऊ, पिंप राहू दे पाण्यालाच. बाहेरगावी कसं असतं ते वाचायला हरकत नाही, वाचण्यावर बंदी नाही.

पडवीतला
बोंबला. म्हणजे भाचा मला आत घालणार होता.

परतलेला_चाकरमानी (रत्नागिरी)
वकीलसाहेबांचं बरोबर आहे. मी सहा वर्षं इंग्लंडात होतो, तिकडे 1963 पासून घरच्यापुरती बिअर करायला ना परवाना लागत ना कर, विकायची नाही एवढीच अट. मी तिकडे असताना चाळीसेक वेळा तरी केली असेल, त्यातल्या पहिल्या तीन मोरीत ओतल्या. इथे आल्यापासून बंद. पण तुमच्या शंकांना उत्तर देतो कारण भाच्याने अर्धवट सांगितलंय.

सातू तसंच उकळून काही होत नाही कारण त्यात पिठूळपणा असतो, साखर नसते, आणि यीस्टला खायला साखर लागते. त्यासाठी सातूला मोड आणावे लागतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, दळून पोरांना सत्त्व देतात ना, अगदी तेच. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात की जी पिठाची साखर करतात. मग तो वाळवलेला दाणा भाजायचा, किती भाजला त्यावर बिअरचा रंग, त्याला म्हणायचं माल्ट. हे माल्ट भरडून 65 ते 68 अंशाच्या पाण्यात तासभर मुरवत ठेवायचं, तापमान ह्याच्या वर गेलं की ती द्रव्यं मरतात आणि फार खाली राहिलं की काम रेंगाळतं, आणि तासाभराने चव घेतली तर पाणी चक्क गोड लागतं, पहिल्यांदा मला खरंच वाटेना. ते गाळून घ्यायचं आणि तासभर खळखळ उकळायचं. हॉप्स नावाची वेलीची फुलं असतात, ती उकळी फुटताच टाकली तर कडूपणा उतरतो, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकली तर वास. मग पटकन गार करायचं, यीस्ट घालायचं, झाकण लावायचं आणि झाकणातून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडायची म्हणजे वायू बाहेर जातो आणि बाहेरची हवा आत येत नाही. रात्री ती बाटली बुडबुड बुडबुड करत असते, बायको म्हणायची तुझं पोर रडतंय बघ.

आता उकाडा. सगळी गोम तिथेच आहे. साधं एल यीस्ट (एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार) 18 ते 22 ला नीट चालतं, लागरचं तर 8 ते 13 ला. 32 ला यीस्ट मरत नाही उलट पिसाळतं, दोन दिवसांत सगळी साखर खाऊन मोकळं होतं आणि चवीला नेलपॉलिशच्या वासाची, डोकं धरवणारी भानगड मागे सोडतं. इथे घाई झाली की चव गेली. नॉर्वेच्या शेतकऱ्यांकडचं क्वाइक म्हणून एक यीस्ट आहे ते मात्र 30 ते 40 च्या मध्ये मजेत चालतं आणि चवही बिघडवत नाही, मला तर वाटतं ते चुकून नॉर्वेत जन्मलं, त्याचं मूळ गाव गुहागरच असणार.

घाटपायथा
ओलं फडकं गुंडाळून ठेवलं पिंपाला तर? माठाला करतो तसं.

परतलेला_चाकरमानी
घाटावर चालेल रे ते. कोल्हापूर-साताऱ्याकडे हवा कोरडी, फडकं वाळतं म्हणून गार होतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये दोरीवरचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट असतो, फडकं वाळणार कधी आणि गार करणार कधी. त्यापेक्षा पिंप पाण्याच्या टबात उभं करून पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या, सकाळी दोन संध्याकाळी दोन.

बोंडूवाला (वेंगुर्ले)
काजूचा सिझन चालू आहे, बोंडू पायदळी तुडवले जातायत. रस काढून दोन दिवस ठेवला की आपोआप फसफसतो. मग मातीच्या मडक्याला नळी लावून...

वकिली_डोकं
पुढचं टायपू नका. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली जीआय (त्या भागाच्याच मालाला ते नाव वापरायचा हक्क) मिळालं, तिकडे भट्टीचे परवाने आहेत. इकडे घरी भट्टी लावलीत तर मी वकीलपत्रही घेणार नाही.

परतलेला_चाकरमानी
आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आंबवणं वेगळं आणि ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टीवर वाफ करून ती परत गार करून गोळा करणं, वेगळं. आंबवलेली बिअर बिघडली तर फार फार तर तोंड वाकडं होतं, ओतून देतो. भट्टीत दारूची वाफ चुलीशेजारी असते, एक गळती आणि छप्पर गेलं. वर कोणी मध्ये मेथॅनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, मिसळलं की काय होतं ते 2015 ला मालाडच्या मालवणीत दिसलं, शंभरावर माणसं गेली. आमच्या वाडीत त्या नावाचा कोणी मस्करीतही उच्चार करत नाही.

सुरंगी (दापोली)
मी गेली चार वर्षं आल्याची बिअर करते, नाव बिअर पण सातू नाही, हॉप्स नाही. इंग्लंडात अठराव्या शतकापासून चालत आलेली आहे. पडवीतले तुम्हाला बुडबुडे आणि उद्योगच हवा असेल तर हे करा, बिअरमध्ये जे जे शिकायचं ते सगळं ह्यात शिकून होतं, स्वच्छता, तापमान, धीर. एक मात्र आधीच सांगते, थोडासा अल्कोहोल ह्यातही होतो, बाटली जास्त दिवस बाहेर ठेवली तर तो वाढत जातो, म्हणून हलकी फसफस आली की लगेच फ्रीज. पोरांना मी देत नाही, त्यांना आवळा सरबत.

आधी विरजण करायचं. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे आलं सालासकट किसून. साल काढलंत तर संपलं, यीस्ट सालावरच असतं, आमच्या परसातलं मातीचं आलं घेतलं तर दोन दिवसांत जागं होतं, बाजारातलं चकचकीत धुतलेलं पाच दिवस ढिम्म. नळाचं पाणी असेल तर उकळून गार करून घ्या, क्लोरीन नको, विहिरीचंही उकळूनच घ्या. वर फडकं बांधून ठेवायचं आणि रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर, ढवळायचं. पुस्तकात पाच दिवस लिहितात, आपल्याकडे मे महिन्यात तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं की सोड्यासारखा स्स्स आवाज येतो आणि किसलेलं आलं सगळं वर तरंगतं. वर पांढरा पातळ पापुद्रा आला तर काढून टाकते, पण हिरवं काळं केसाळ काही दिसलं की अख्खी बरणी ओतायची, लोणच्याला जीव लावतो तसा ह्याला लावायचा नाही.

मग दोन लिटर पाण्यात 100 ग्रॅम आलं ठेचून दहा मिनिटं उकळा, 150 ग्रॅम साखर विरघळवा, पूर्ण गार होऊ दे. मग दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप विरजण गाळून. गरम असताना विरजण घातलंत तर यीस्टला चटका बसून संपलं, दह्याचंच गणित. बाटल्या प्लॅस्टिकच्या, सोड्याच्या रिकाम्या पेट बाटल्या, चार बोटं जागा सोडून भरा. रोज दाबून बघायची, मऊ आहे तोवर बाहेर, टणक व्हायला लागली की फ्रीज. काचेची बाटली पहिल्या वर्षी हातात घेऊ नका, तिला दाबून बघता येत नाही.

वकिली_डोकं
ह्याला माझी हरकत नाही, पण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की खाद्यसुरक्षेच्या व्याख्येत ते मद्यच धरतात. तेव्हा सुरंगीताई म्हणतायत तसं हलक्यावर थांबा.

माडाखाली
तरी माडीची सर नाय.

सुरंगी
माडीला नाव ठेवत नाही हो. वसईकडे फुग्यांना (तिथले तळलेले गोल पाव) आणि गोव्यात पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, पावाला पूर्वी माडीनेच फुगवायचे. नीरेच्या मडक्याला आतून चुना का लावतात, तर आंबू नये म्हणून. म्हणजे आपल्याकडे हे थांबवायची विद्यासुद्धा होती.

पडवीतला (बारा दिवसांनी)
बातमी आहे. विरजण झालं, तिसऱ्या दिवशी स्स्स आवाजही आला, आईला दाखवलं तर म्हणाली नासलंय, टाक. नाही टाकलं. दोन लिटर केलं, दोन पेट बाटल्या भरल्या आणि थोडं उरलं म्हणून (सुरंगीताई ओरडू नका) चौकोनी काचेच्या बाटलीत, भाच्याने आणलेली होती, दिसायला झकास. दीड दिवसात पेट बाटली टणक झाली, तिन्ही फ्रीजमध्ये गेल्या. पेटातली एक आम्ही प्यायलो, तिखट, गोडसर, नाकात झिणझिण्या, मी खूश.

पुढे काय झालं तर परवा रात्री वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली. गेली ती दीड दिवस. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघरात धाडकन आवाज. आई उठून बसली, म्हणाली पत्र्यावर नारळ पडला बघ. बॅटरी घेऊन गेलो तर फ्रीजचं दार सताड उघडं, आत खालच्या कप्प्यात फणसाचे गरे ठेवले होते त्यात काचा, कोलंबीच्या डब्यात काचा, फ्रीजच्या छतावरून आल्याचं पाणी टपटप. दोन तास काचा वेचत होतो मेणबत्तीच्या उजेडात. गरे टाकून द्यावे लागले, कापे होते हो, आईने अजून माफ केलेलं नाही. पेट बाटली मात्र फुगून भोपळा झाली होती, बुड बाहेर आल्याने उभी राहत नव्हती, पण फुटली नाही.

घाटपायथा
कापे गरे गेले हे वाचून मन हेलावलं.

सुरंगी
मी ओरडत नाही, हाताला लागलं नाही ना ते सांगा आधी.

परतलेला_चाकरमानी
हे का झालं ते जरा आकड्यात बघा म्हणजे पुन्हा होणार नाही. साखर आंबली की ढोबळमानाने निम्मा दारूचा अंश, निम्मा वायू. एक लिटर द्रवात त्याच्याच मापाएवढा वायू मुरायला साधारण 2 ग्रॅम लागतो, म्हणजे 4 ग्रॅम साखर पुरते. हलकी फसफस म्हणजे दोन पट वायू, 8 ग्रॅम साखर, आणि तिथेच अल्कोहोलही अर्ध्या टक्क्याला टेकतो, वकीलसाहेब म्हणतात ती रेषा. कडक सोडा चार पटीच्या आसपास. आता तुमच्या बाटलीत लिटरला साखर किती, 75 ग्रॅम. ती सगळी यीस्टने खाल्ली तर अठरा पट वायू होतो. चार पटीच्या पुढे कुठेतरी काच जाणारच. फ्रीज हा यीस्टला मारत नाही, नुसता झोपवतो, लाईट गेली की ते उठून जेवायला बसतं.

आणि बिअरच्या बाटलीत हे का होत नाही, तर तिथे आधी पिंपातच सगळी साखर संपू देतात, काट्याने (द्रवात तरंगवून त्याचा दाटपणा दाखवणारी नळी) मोजून बघतात, 1.050 वरून 1.012 वर आलं आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिलं की संपलं, मग बाटलीत मोजून लिटरला 6-7 ग्रॅम साखर घालतात. तेवढीच साखर म्हणजे तेवढाच वायू. माझ्या पहिल्या तीनपैकी एक मी काटा न बघता भरली होती, गॅरेजमध्ये रात्रभर फटाके.

वकिली_डोकं
काचेचीच हौस असेल तर गोटी सोड्याची बाटली बघा किती जाड असते. 1872 साली कॉड नावाच्या इंग्रजाने काढलेली, वायूच गोटीला वर दाबून बाटली बंद ठेवतो. चौकोनी बाटली कधीच नको, कोपऱ्यात फुटते.

कोकमसखी (कुडाळ)
मी आल्याऐवजी कोकम घालून बघितलं, आठ दिवस झाले, एक बुडबुडा नाही. विरजण जिवंत होतं, आल्यात टाकलं तर चालतं.

सुरंगी
आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घातलंत का? आगळात मीठ असतं, भरपूर असतं, यीस्ट खारात गप्प बसतं. मीठ न घातलेली वाळलेली सोलं भिजवून घ्या आणि फार आंबट करू नका.

कोकमसखी
आगळच! अगं बाई.

पडवीतला (तीन आठवड्यांनी)
दुसरा घाणा झाला. ह्यावेळी काय केलं तर बंदरावर मासळी येते त्या बर्फाच्या थर्माकोलच्या पेट्या असतात ना, एक जुनी फुकट मिळाली, तीनदा सोड्याने धुतली, उन्हात ठेवली, तरी झाकण काढलं की बांगडा आठवतो. त्यात पेट बाटल्या आणि मध्ये एक बर्फाची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदलायची. आतला पारा 24-25 ला राहिला. टणक व्हायला तीन दिवस लागले, आधी दीड लागला होता, आणि चव खरंच वेगळी, पहिल्यात जो एक उग्र वास होता तो ह्यात नाही, आलं स्वच्छ लागतं. वास बाटलीत उतरला नाही, झाकणं घट्ट होती. लाईट जायची चिन्हं दिसली की आता बाटल्या फ्रीजमधून काढून झाकणं सैल करून ठेवतो, गॅस जातो तर जाऊ दे.

आईने अर्धी वाटी घेतली. म्हणाली सर्दीला बरं आहे, पण साखर जास्त घातलीस. मग दुसरी अर्धी वाटी घेतली.

एकच शंका उरलीय. आता पाऊस लागेल, लावणीत वेळ नाही मिळणार, गणपतीला भाचा येईल तेव्हा परत करायचंय. तोपर्यंत विरजण जिवंत कसं ठेवायचं?

सुरंगी
फ्रीजमध्ये ठेवा, झाकण घट्ट नको. आठवड्याला एकदा बाहेर काढून एक चमचा आलं, एक चमचा साखर, थोडा वेळ बाहेर ठेवून परत आत. बरणी भरत आली की निम्मं ओतून द्यायचं नाहीतर कोणाला तरी द्यायचं. गणपतीच्या तीन दिवस आधी बाहेर काढून रोज खायला घाला, उठेल. आणि आईंना सांगून ठेवा बरणीत काय आहे, माझ्या सासूबाईंनी एकदा चहात टाकलं होतं.

घाटपायथा
निम्मं ओतून देऊ नकोस, मी चिपळूणला आहे, आणून दे.